निळी टोपी विकणाऱ्यास खुलं पत्र

अज्ञात इसमा,

पोलिसांत दिलेल्या तक्रारीत तुझी नोंद याच नावानं झाली आहे, म्हणून मायनाही तोच ठेवतो. सप्रेम नमस्कार लिहिणार नाही. तुझ्या बाबतीत माझ्याकडे प्रेमही नाही आणि नमस्कारही नाही.

तुझं पत्र माझ्यासमोर टेबलावर आहे. दोन पानी, रंगीत, वर निळं बोधचिन्ह, खाली गोल शिक्का आणि झोकदार सही. श्रीवर्धन तालुक्यात आमच्या आगराला लागून ज्यांचं आगर आहे, त्यांच्या मुलीला तू ते पाठवलंस. मुलगी लोणेऱ्याला संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत 'डिजिटल परिवर्तन' या विषयावर सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी तिची निवड झाल्याचं तू तिला कळवलंस. दरमहा दोन हजार चारशे डॉलर विद्यावेतन, पहिले दोन महिने घरून काम, नंतर न्यूयॉर्क. त्यासाठी साडेअठरा हजार रुपयांची 'परत मिळणारी सुरक्षा अनामत' अठ्ठेचाळीस तासांत भरायची. ती भरली गेली. मग 'आंतरराष्ट्रीय आरोग्य विमा' म्हणून बत्तीस हजार मागितलेस. तेही भरले गेले. व्हिसाच्या फायलीचे म्हणून आणखी सत्तर हजार मागायला लागलास, तेव्हा तिचे वडील फोन हातात घेऊन आमच्या पडवीत आले आणि म्हणाले, "भाऊ, हे जरा वाचून बघा हो. मला काहीतरी खटकतंय."

त्यांना खटकलं, कारण हा किनारा तुझ्या जातभाईंना ओळखतो. इथल्या घराघरातली माणसं जहाजावर जातात, आणि जहाजावर चिकटवतो म्हणून पैसे उकळणारे दलाल आम्ही फार पाहिले. जहाजासाठी माणसं भरायला डीजी शिपिंगचा, म्हणजे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा, परवाना लागतो आणि भरतीसाठी उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत, हे आता इथल्या बऱ्याच पोरांना ठाऊक आहे. जहाजाच्या नावावर मिळकत कमी झाली असणार, म्हणून तू शांतिसैनिकांची निळी टोपी उचललीस. तिथे आम्हाला नियम माहीत नव्हते. तुझा धंदा त्या न माहीत असण्यावर चालतो.

आता तुझ्या कारागिरीबद्दल. संयुक्त राष्ट्रांचं बोधचिन्ह म्हणजे उत्तर ध्रुवावरून पाहिलेला जगाचा नकाशा आणि त्याभोवती ऑलिव्हच्या दोन फांद्या. तू त्या फांद्यांमध्ये कबूतर बसवलंस. ज्या 'डिपार्टमेंट ऑफ पीसकीपिंग ऑपरेशन्स'च्या नावानं तू सही ठोकलीस, ते नाव २०१८ सालाबरोबर संपलं. १ जानेवारी २०१९ पासून त्या खात्याला 'डिपार्टमेंट ऑफ पीस ऑपरेशन्स' म्हणतात. जगातली सर्वांत मोठी संघटना असल्याचा आव आणलास आणि पत्र पाठवलंस फुकटच्या जीमेल खात्यावरून. पैसे घेतलेस कुणा एका माणसाच्या यूपीआय आयडीवर. आणि सगळ्यांत मोठी लबाडी विद्यावेतनाची. संयुक्त राष्ट्रांचं सचिवालय इंटर्नना एक पैसाही देत नाही. विमानाचं भाडं, व्हिसा, विमा, राहणं, जेवण हे सगळं इंटर्ननं स्वतः किंवा त्याला पाठवणाऱ्या संस्थेनं करायचं असतं. तसंच अर्ज, मुलाखत, प्रक्रिया, प्रशिक्षण यांपैकी कशासाठीही ते उमेदवाराकडून शुल्क घेत नाहीत, हे त्यांच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेलं आहे. खरी संस्था इंटर्नला पैसे देतही नाही आणि त्याच्याकडून घेतही नाही. तू दोन्ही उलटं केलंस.

एवढ्या चुका असताना हुशार मुलगी फसली कशी, असं गावात विचारतात. मी सांगतो. पत्रातला मजकूर खोटा होता, विषय खरा होता. तो तू कुठून तरी नीट उतरवून घेतला होतास, आणि तो तिच्या जिव्हाळ्याचा आहे हे तिनं ऑनलाइन भरलेल्या माहितीवरून तुला कळलं होतं.

तो विषय काय आहे, हे तुला कळलेलं नाही याची मला खात्री आहे. म्हणून लिहितो.

ऑगस्ट २०२१ मध्ये सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद भारताकडे होतं. त्या महिन्याच्या १८ तारखेला परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांच्या अध्यक्षतेखाली न्यूयॉर्कमध्ये शांतिसेना आणि तंत्रज्ञान या विषयावर खुली चर्चा झाली. शांतिसैनिकांवर हल्ले करणाऱ्यांना शिक्षा व्हावी यासाठी भारतानं मांडलेला ठराव, क्रमांक २५८९, त्याच दिवशी मंजूर झाला. 'युनाइट अवेअर' नावाची यंत्रणाही त्याच सुमारास पुढे आली आणि तिच्यासाठी भारतानं १६ लाख ४० हजार डॉलर दिले. शांतिसेनेच्या डिजिटल परिवर्तनाचं धोरणही त्याच महिन्यातलं. ही यंत्रणा करते काय? गस्तीची तुकडी कुठे आहे, कुठला रस्ता पाण्याखाली गेला, कुठल्या गावात गोळीबार झाला, ड्रोनला वरून काय दिसलं, हे सगळं एका नकाशावर आणते, म्हणजे तळावरच्या अधिकाऱ्याला तुकडी पाठवायची की थांबवायची ते ठरवता येतं. पूर्वी ही माहिती वायरलेसवरून आणि कागदी अहवालांतून तुकड्यातुकड्यांनी यायची, आणि ती जुळवेपर्यंत उशीर झालेला असायचा. काँगोत गोमाहून डिसेंबर २०१३ मध्ये शांतिसेनेनं पहिल्यांदा नि:शस्त्र ड्रोन उडवलं, तेव्हापासून तंत्रज्ञानाची ही वाट रुंद होत आली. युगांडातल्या एंटेबीला या कामाचं प्रशिक्षण देणारी अकादमी आहे. धोरणात आणखी एक कलम आहे, आणि ते तुला लागू पडतं: शांतिसेनेबद्दल पसरणाऱ्या खोट्या मजकुराशी लढणं.

या मुलीला त्याची ओढ का लागली, ते आमच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच कळेल. १८ ऑगस्ट २०२२. गोपाळकाल्याचा आदला दिवस. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ सापडल्या. भरडखोलला एक लाइफबोट सापडली. १९९३ च्या फेब्रुवारीत आमच्या शेखाडीलाच आरडीएक्स उतरलं होतं. त्या साली मुंबईत झालेले बॉम्बस्फोट साऱ्या देशाला ठाऊक आहेत, पण त्या आरडीएक्सचा डाग या किनाऱ्याच्या कपाळी बसला. त्यामुळे बोटीची बातमी आली आणि घराघरात दारं लागली. नाकाबंदी झाली. फोनवर एकामागून एक संदेश येऊ लागले: अतिरेकी उतरले, इतके होते, अमुक दिशेला गेले. कोण पाठवतंय, कशावरून पाठवतंय, कुणाला पत्ता नाही. संध्याकाळपर्यंत तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात निवेदन केलं. बोटीचं नाव 'लेडी हान', मालकीण ऑस्ट्रेलियाची. मस्कतहून युरोपला निघालेल्या बोटीचं इंजिन जूनमध्ये समुद्रात बंद पडलं, माणसांना कोरियाच्या युद्धनौकेनं वाचवलं आणि रिकामी बोट वाहत आमच्या किनाऱ्याला लागली. एवढीच गोष्ट.

मुलीची बारावी तेव्हा नुकतीच झाली होती. त्या संध्याकाळी ती आमच्या पडवीत बसून म्हणाली होती, "काका, खरी माहिती कुणाकडे तरी होतीच ना? मग ती आपल्यापर्यंत यायला एवढा वेळ का लागला?" पुढे ती जे शिकली ते या प्रश्नापायी. कॉलेजातला तिचा प्रकल्पही गावाची खात्रीशीर माहिती एका नकाशावर आणण्याचाच होता. म्हणून तुझ्या पत्रातली 'डिजिटल परिवर्तन' ही अक्षरं वाचल्यावर ती क्षणभर बाकीचं विसरली. त्यात तिचा मूर्खपणा नाही. आपल्या कामाचं नाव कुणीतरी घेतलं, याचा तिला आनंद झाला होता, आणि तू नेमका तो आनंद हेरलास.

तुझा गुन्हा मी पैशांपुरता धरत नाही. तू जे विकलंस ते शांतिसैनिकांचं एकमेव भांडवल आहे.

शांतिसैनिकाकडे मोठं सैन्य नसतं. जिंकायला तो गेलेला नसतो. दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये तो उभा राहतो तेव्हा त्याच्या पाठीशी असते ती फक्त त्याची पत. तो कुणाच्या बाजूचा नाही, तो सांगतो ते खरं, एवढा विश्वास लोकांना असला तरच त्याची निळी टोपी कामाची. ही पत कशी असते ते १९५३ मध्ये कोरियात आपल्या कोल्हापूरकडच्या मेजर जनरल शंकरराव थोरातांनी दाखवलं. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाखाली भारताचं रक्षक दल तिथे गेलं होतं, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांवर देखरेख करायला. ते दल संयुक्त राष्ट्रांचं नव्हतं, युद्धविरामाच्या करारातून नेमलेलं होतं. पण काम हेच होतं, मध्ये उभं राहण्याचं. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला पळवून कुंपणाआड कोंडलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. तिथे गोळीबार झाला असता तर किती माणसं मेली असती, याचा अंदाज कुणीही करावा.

आणि ही पत गेली की काय होतं, तेही ऐक. जुलै २०२२ मध्ये काँगोत शांतिसेनेविरुद्ध निदर्शनं पेटली. लोकांचा राग सगळा खोटा नव्हता. सशस्त्र टोळ्यांपासून ही सेना आपलं रक्षण करत नाही, ही त्यांची तक्रार खरी होती. पण त्या रागाच्या जोडीला शांतिसेनेबद्दलच्या खोट्यानाट्या गोष्टी समाजमाध्यमांवर बराच काळ फिरत होत्या. २६ जुलैला बुतेंबोच्या तळावर जमाव चालून गेला आणि आपल्या सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान तिथे मारले गेले. आमच्याकडची बोट यानंतर महिन्याच्या आत किनाऱ्याला लागली. आम्ही एका दिवसाच्या अफवेनं घाबरलो होतो. ते दोघं वर्षानुवर्षांच्या अफवांमध्ये उभे होते.

१९४८ पासून चार हजारांहून अधिक शांतिसैनिक कामावर असताना गेले. त्यांत सुमारे १८० भारतीय आहेत. एवढी माणसं दुसऱ्या कुठल्याही देशाची गेलेली नाहीत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा म्हणजे कोण, हे मला आजवर म्हणीतच माहीत होतं. आता मला तुझा यूपीआय आयडी माहीत आहे.

तू म्हणशील, मी काय काँगोत अफवा पसरवली? नाही पसरवलीस. पण श्रीवर्धनमध्ये तू तेच केलंस. खोटा शिक्का, खोटी सही, खोटं नाव, आणि खरं वाटेल एवढाच खरा विषय. उद्या या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एखाद्या मुलाला संयुक्त राष्ट्रांचं खरं पत्र येईल आणि त्याचा बाप ते फाडून टाकेल. त्या मुलाचा दिवस बुडवणारा तूच असशील.

आता त्या पैशांबद्दल, कारण ते तुला फुकटचे वाटले असतील.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या तालुक्यांतली आगरं एका दुपारी आडवी झाली. मुलीच्या वडिलांच्या पोफळींपैकी निम्म्याहून जास्त मोडल्या, माड मुळासकट उपटले, आणि पुढे कितीतरी दिवस गावात वीज नव्हती. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तेव्हापासूनची वर्षं त्या घरानं वाचलेल्या झाडांवर काढली. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला भाव आहे, पण तो हातात यायला सुपारी काढायची, खळ्यात पसरायची, महिना-दीड महिना उन्हात राखायची, ढग आला की धावत जाऊन गोळा करायची, सोलायची, निवडायची. हे सगळं मुलीच्या आईच्या हातचं काम. तिची नखं सुपारी सोलून काळी पडलेली असतात. तुझ्या साडेअठरा हजारांत आणि बत्तीस हजारांत त्या बाईचा अख्खा हंगाम गेला. बाई मला म्हणाली, "पैशांचं काय, पुढल्या वर्षी होतील. पोर बोलत नाही, त्याचं बघा." मुलगी कितीतरी दिवस घराबाहेर पडली नाही. ज्या विषयावर ती तास-तासभर बोलायची, त्याचं नाव काढलं तरी उठून आत जायची. त्याची भरपाई कुठल्या कलमात बसवायची ते मला कुणी सांगू शकत नाही.

एक बोट मला दुसरीकडेही दाखवायचं आहे. सचिवालय इंटर्नना पैसे देत नाही, हा नियम मला मान्य नाही. ज्याच्या बापाला न्यूयॉर्कमधलं सहा महिन्यांचं घरभाडं परवडतं, त्यानंच जगाच्या शांततेचं काम शिकावं, असा त्याचा अर्थ होतो. २०१५ मध्ये जिनिव्हात एक परदेशी इंटर्न भाडं परवडत नाही म्हणून तंबूत राहत होता. त्याची जगभर बातमी झाली. त्याच कुटुंबातल्या आयएलओ, युनिसेफ, डब्ल्यूएचओ या संस्था इंटर्नना भत्ता देतात, मग सचिवालयाला काय अडचण आहे? आगरातल्या मुलीला तिथे जायचं असेल तर कुणाचा तरी हात लागतो, आणि असा हात देणारी यंत्रणा आपल्याकडे नाही. राज्य सरकारनं, विद्यापीठांनी अशा निवड झालेल्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवली असती तर तुझ्या दोन हजार चारशे डॉलरना कुणी भुललं नसतं. हे मी त्यांनाही वेगळ्या पत्रात लिहिणार आहे. पण ही उणीव तुझ्या बचावाला येणार नाही. दार उघडं राहिलं म्हणून चोर निर्दोष ठरत नाही.

कायद्याचं म्हणशील तर फसवणूक, दुसऱ्याच्या नावानं फसवणूक आणि फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज, म्हणजे भारतीय न्याय संहितेची कलमं ३१८, ३१९ आणि ३३६. त्यांत फसवणुकीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड वेगळं. आणि तुला ठाऊक नसलेला एक जुना कायदा, १९५० चा, बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा. त्याच्या परिशिष्टात संयुक्त राष्ट्रांचं नाव, बोधचिन्ह आणि मोहोर यांचा उल्लेख आहे. कबूतर घातलंस म्हणून सुटशील असं समजू नकोस.

पैसे ज्या खात्यात गेले तिथून ते पुढे फिरले आहेत, बहुधा कुणा गरिबाच्या नावावर भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून. त्या गरिबाच्या दारात पोलिस जातील तेव्हा तू काखा वर करशील. हेही तुझ्या हिशेबी मांडून ठेव.

आता तुझ्याशी बोलणं पुरे. पुढचं अलिबागपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या आईबापांसाठी आणि मुलांसाठी आहे, आणि ते मी मनापासून विनवून लिहितो.

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची इंटर्नशिप खरी आहे. शांतिसेनेच्या तंत्रज्ञानाचं कामही खरं आहे, आणि आपली मुलं ते करू शकतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांना, पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना आणि पदवी मिळून वर्ष न झालेल्यांना अर्ज करता येतो, तो फक्त 'करिअर्स डॉट यूएन डॉट ओआरजी' या संकेतस्थळावर. कालावधी साधारण दोन ते सहा महिन्यांचा. सचिवालयाच्या अधिकृत ईमेलचा शेवट 'यूएन डॉट ओआरजी' असा असतो. कुणी पैसे मागितले की तिथेच थांबा. परदेशी राहणं परवडत नसेल तर संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक संस्थेचं काम घरबसल्या ऑनलाइनही करता येतं. त्याचे पैसे मिळत नाहीत, पण भरावेही लागत नाहीत.

पैसे गेलेच, तर मुलांवर ओरडण्यात पहिला तास घालवू नका. १९३० हा क्रमांक लगेच फिरवा. पैसे पुढे निघून जायच्या आत तक्रार पोचली तर ते खात्यात गोठवता येतात. आमच्या शेजाऱ्यांनी लाजेपोटी चार दिवस कुणाला सांगितलं नाही आणि तेवढ्यात खातं रिकामं झालं. कबुतराचं बोधचिन्ह असलेलं हेच पत्र तुमच्याही घरी आलं असेल, तर ते पुसू नका. छापून घ्या, पैसे भरल्याच्या पावत्या जोडा आणि जवळच्या पोलिस ठाण्यात द्या. तक्रारी जितक्या जास्त, तितका हा माणूस लवकर सापडेल.